टिनाखालचं वर्ष

भाची परवा एकोणीस वर्षांची झाली. केक कापून झाला, तर्री-पोह्यांच्या प्लेटा रिकाम्या झाल्या आणि बाईसाहेब वही घेऊन कोपऱ्यात बसल्या.

"काय लिहून राहिली वं?"

"लिस्ट, मामा. टीनएजचं शेवटचं वर्ष आहे. वाया नाही घालवायचं."

तिच्या आजीनं फक्त 'टिन' ऐकलं. आमच्या रामटेकात टिन म्हणजे छपराचा पत्रा. "कोणतं टिन बदलवायचं आहे? पावसाच्या आधी बदलवा म्हणा," ती आतून म्हणाली. आम्ही हसलो. पण आजीचं तरी काय चुकलं? ती एकोणीस वर्षांची होती तेव्हा तिच्या कडेवर लेकरू होतं. त्या वयाला वेगळं नाव द्यायला सवड कोणाला होती?

शिवाय हा सगळा इंग्रजी आकड्यांचा कारभार. थर्टीन ते नाइन्टीन, सातही जणांना शेपूट एकच. मराठीत चौदा-सोळा सोडले तर अठरापर्यंत 'रा' चालतो आणि एकोणीस आला की भाषा त्याला उचलून पुढच्या बाकावर बसवते: वीस, उणा एक. म्हणजे इंग्रजीत तो लहानांतला शेवटचा, मराठीत मोठ्यांतला पहिला. घरात भाचीला दोन्ही भाषा ऐकाव्या लागतात. रात्री यायला उशीर झाला की "अजून लहान आहेस". सिलिंडर बदलायचं असलं की "आता काय लहान आहेस का?"

वहीत 27 कलमं होती. गिअरची गाडी शिकणं, 50 पुस्तकं, खिंडसी तलावात बोटिंग, गडावरून सूर्योदय. सगळ्यांच्या वर लाल शाईत 'दिव्या देशमुख'. नागपूरच्या ह्या मुलीनं जुलै 2025 मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, ग्रँडमास्टर झाली, तेव्हा ती एकोणीसचीच होती. "पण ती लहानपणापासून पटावर बसली आहे," मी म्हणालो. भाचीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प झालो. आमच्या वेळी निदान ज्ञानेश्वर दाखवायचे. 1290 साली ज्ञानेश्वरी, तीही पंधराव्या वर्षी! आम्ही मान खाली घालून वरण-भात जेवायचो. देवमाणसाशी कोण बरोबरी करणार? नागपूरच्या मुलीला मात्र असं टाळता येत नाही. ती पडली शेजारची.

पुढच्या रविवारी पहाटे सूर्योदयाचं कलम उरकायला गड चढलो. पायऱ्यांवर वानरं आमच्या पिशवीची झडती घ्यायला तयारच होती. वर पोहोचलो तर आषाढाचं आभाळ भरून आलेलं. सूर्य कुठंतरी उगवला असणार, आमच्या वाट्याला काही आला नाही.

"फुकट गेली सकाळ," ती म्हणाली.

मी ढगांकडे बोट दाखवलं. ह्याच डोंगरावर म्हणे कालिदासाच्या मेघदूतातला यक्ष राहत होता. त्यातला रामगिरी म्हणजे आपलं रामटेक, असं वा. वि. मिराशींनी मांडलं, छत्तीसगडातले सरगुजावाले रामगढचं नाव घेतात, घेवोत बापडे. यक्षालाही एकच वर्ष होतं, तेही शिक्षेचं. आठ महिने तो नुसता झुरला, इतका वाळला की हातातलं कडं गळून पडलं. चार महिने उरले तेव्हा त्याला ढग दिसला. बायकोला निरोप पोचवायची घाई, आणि हा पठ्ठ्या ढगाला सांगतो काय, तर वाट वाकडी झाली तरी चालेल, पण उज्जयिनी पाहूनच पुढं जा!

"त्याच्या लिस्टमध्ये होती का उज्जयिनी?"

"लिस्टच नव्हती ना वं."

तेवढ्यात सर आली. आम्ही धावत चहाच्या टपरीच्या टिनाखाली शिरलो. वर असा ताशा सुरू झाला की बोलणं ऐकूच येईना. खाली अंबाळा तलाव दिसेनासा झाला. तासभर आम्ही काहीच केलं नाही. चहा घेतला, तो संपला, दुसरा घेतला. तिनं मोबाइलसुद्धा पिशवीतून काढला नाही.

घरी आल्यावर आजीनं विचारलं, "दिसला का सूर्य?"

"नाही. टिनाखाली बसलो होतो."

"गळत तर नव्हतं ना?"

रात्री वही टेबलावर उघडीच पडली होती. 'गडावरून सूर्योदय' पुढं बरोबरची खूण नव्हती. फुलीही नव्हती. तिथं तिनं एक छोटा ढग काढला होता.