ॲडमिन आहेत का घरात?

देव कुठल्या दिशेला असावेत, चूल कुठं असावी, पाण्याची टाकी कुठं अजिबात नसावी, हे सगळं वास्तुशास्त्रानं सांगून ठेवलं आहे. राउटरबद्दल मात्र चकार शब्द नाही. ती उणीव इंटरनेट जोडायला येणाऱ्या मुलानं भरून काढली. त्याचं शास्त्र एका वाक्याचं: वायर घरात जिथं शिरते, तिथून हातभर अंतरावर. "काका, आत न्यायचं तर ड्रिल मारावं लागेल," असं तो म्हणाला, की नुकत्याच रंगवलेल्या भिंतीकडं बघत घरातली सगळी माणसं एकमुखानं म्हणतात, "नको, इथंच बरंय." एरवी चहात साखर किती यावरही या माणसांचं एकमत होत नाही. अशा रीतीनं राउटर टीव्हीच्या मागं स्थानापन्न होतो.

भौतिकशास्त्राचं म्हणणं वेगळं. राउटर घराच्या मध्यावर हवा, उंचावर हवा, मोकळा हवा. आता दोन बेडरूमच्या फ्लॅटचा मध्य म्हणजे पॅसेज. तिथं एका बाजूला बाथरूमचं दार, दुसऱ्या बाजूला कॅलेंडर आणि प्लग पॉइंट कुठंच नाही. मग टीव्हीमागून निघालेल्या लहरींना बेडरूम गाठायची तर वाटेत आरसीसीची भिंत आणि तिला टेकून उभं असलेलं लोखंडी कपाट लागतं. भिंतीतून त्या थकूनभागून का होईना, पलीकडं जातात. धातूपुढं मात्र काही चालत नाही, आल्या वाटेनं परत फिरतात. आरशाचंही तेच, कारण त्याच्या पाठीला धातूचा मुलामा असतो. पाणी तर लहरी चक्क शोषून घेतं. माणूस हा बराचसा पाणीच असल्यामुळं दिवाळीला घर भरलं की रेंज थोडी खरोखरच उतरते. पाहुण्यांना हे सांगायचं नसतं.

आमच्या आईनं राउटर बघितल्या बघितल्या त्यावर क्रोशाचा रुमाल घातला. फ्रिज, मिक्सर, जुना टीव्ही, सगळ्यांना तिनं वेळोवेळी वस्त्रं नेसवलेली आहेत. हा एकटाच उघडा कसा ठेवायचा? दोऱ्याच्या विणीनं लहरी अडत नाहीत हे खरं, पण राउटरला अंगची उष्णता बाहेर टाकायला वरची भोकं लागतात. हे समजावून सांगितल्यावर तिनं रुमाल काढला, नीट घडी घातली आणि राउटरच्या खाली अंथरला. "खाली तर चालेल ना तुझ्या शास्त्राला?" शास्त्राकडं बघण्याची सोय नव्हती, खालच्या बाजूलाही भोकं होती. पण रुमाल जाळीदार होता, त्यामुळं दोन्ही पक्षांची अब्रू राहिली.

अँटेनांचा प्रकार याहून गमतीचा आहे. लहरी अँटेनाच्या टोकातून बाहेर पडतात, अशी सार्वत्रिक श्रद्धा आहे. म्हणून ज्या खोलीत नेट येत नाही, तिच्याकडं लोक अँटेनाचं टोक रोखून ठेवतात. प्रत्यक्षात उभ्या अँटेनाभोवती लहरी पसरतात त्या मेदूवड्याच्या आकारात: भोकात अँटेना, आणि वडा चहूबाजूंनी आडवा. टोक ज्याच्यावर रोखाल, त्याच्या वाट्याला भोक येतं. एक जावई सासुरवाडीला गेले की पहिल्यांदा अँटेना उभ्या करून येतात आणि निघायच्या आत कुणीतरी त्या पुन्हा आपल्या खोलीकडं वळवलेल्या असतात. जावयांना घरात मान असतो. अँटेनाच्या बाबतीत तो पुरत नाही.

कपाटावरून, आरशावरून, भिंतीवरून उसळलेल्या लहरी एकमेकींत मिसळून जो गलका होतो, त्यातून मूळ निरोप वेचून काढणं हा एके काळी मोठा प्रश्न होता. त्यावर ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संस्थेतल्या जॉन ओसलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोड काढली, १९९२ साली पेटंटसाठी अर्ज केला. ओसलिव्हन मूळचे रेडिओ खगोलशास्त्राचे, म्हणजे आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या दुर्बिणी ज्या शास्त्राच्या, त्यातले. सत्तरच्या दशकात ते कृष्णविवरांच्या स्फोटांच्या क्षीण खुणा आकाशात शोधत होते. त्या खुणा सापडल्या नाहीत. त्या शोधासाठी जमवलेलं गणित मात्र आमच्या लोखंडी कपाटापर्यंत येऊन पोचलं. विश्वाच्या पोटातला आवाज ऐकायला निघालेल्या माणसाच्या हिकमतीवर आज आमच्याकडं मालिकेचा चुकलेला भाग बघितला जातो, हे त्याला कळलं तर आनंदच होईल, असं मी धरून चाललो आहे.

राउटर बसला की त्याच्या कारभाराचा प्रश्न येतो. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ असं टाकलं की त्याचं दार उघडतं. १९२.१६८ नं सुरू होणारे पत्ते १९९६ सालापासून घरगुती वापराला राखून ठेवले आहेत; जगभरच्या असंख्य घरांचा पत्ता म्हणूनच एकच आहे आणि कुणाचं पत्र कुणाला जात नाही. आत शिरायचं नाव 'ॲडमिन', अनेक जुन्या राउटरांचा पासवर्डही 'ॲडमिन'. हा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा, असं प्रत्येक माहितीपत्रकात लिहिलेलं असतं आणि माहितीपत्रक खोक्याबरोबर माळ्यावर गेलेलं असतं. तो बदलला नाही तर घरात आलेला कुणीही सोम्यागोम्या आपल्या राउटरचा मालक होऊ शकतो, म्हणून बदलाच. एकदा बदलला की तुम्ही प्रशासक. त्या पडद्यावर दिसणारी सत्ता बघून क्षणभर छाती फुगते: कुणाला जोडायचं, कुणाला तोडायचं, कुणाला किती वेग द्यायचा. या घरात रिमोटही ज्याच्या हातात कुणी देत नाही, त्या माणसाला हे अधिकार मिळालेले असतात.

प्रशासकाचं पहिलं काम नामकरण. इमारतीच्या पाटीवर 'श्रीगुरुकृपा' आहे, तेव्हा वायफायचं नावही तेच असावं आणि मराठीतच असावं, असा आईचा आग्रह. नावाला ३२ बाइटची मर्यादा असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरीत मात्र प्रत्येक चिन्हाला तीन, आणि काना, उकार, वेलांटी, जोडाक्षराचा हलन्त, सगळे स्वतंत्र मोजले जातात. 'श्रीगुरुकृपा' भरते ३६. चार बाइट जास्त. 'गुरुकृपा' २४ मध्ये आरामात बसते. "म्हणजे श्री काढायचा?" आईनं विचारलं. त्या प्रश्नाला ज्या आवाजात उत्तर द्यावं लागतं, तो माझ्याकडं नाही. नाव शेवटी रोमन लिपीत ठेवलं. श्री वाचला, मराठी गेली.

पासवर्ड किमान आठ अक्षरांचा लागतो, जास्तीत जास्त ६३ चालतात. तो अवघड हवा हे तत्त्व म्हणून सगळ्यांना मान्य असतं, पाहुणे येईपर्यंत. मग हॉलमध्ये उभं राहून "पहिला एस कॅपिटल, मग ॲट द रेट, नाही नाही, एट नव्हे, ॲट" हा पाठ सुरू होतो आणि मागच्या बाल्कनीतल्या शेजाऱ्यांनाही तो तोंडपाठ होतो. पाहुण्यांसाठी राउटरात वेगळं गेस्ट नेटवर्क करता येतं. त्यावरच्या माणसाला नेट मिळतं, आपला प्रिंटर किंवा कॉम्प्युटर दिसत नाही. मी ते करून ठेवलं होतं. आईला ते पटलं नाही. सख्ख्या भाच्याला दाराबाहेरच्या चपलांजवळचं नेट द्यायचं, हा तिच्या दृष्टीनं शुद्ध हलकटपणा.

शेजारच्या काकूंनीही एकदा पासवर्ड मागितला, त्यांचं बंद होतं म्हणून. सुरक्षेच्या दृष्टीनं देऊ नये. पण ज्या पिढीनं लग्नपत्रिकेवर, अर्जावर, बायोडेटावर शेजारच्यांचा फोन नंबर लिहून पुढं कंसात 'पी.पी.' लिहिलं, त्या पिढीला हे कसं सांगणार? फोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागे, आणि ज्यांच्याकडं तो असे, ते जेवत्या ताटावरून उठून पलीकडच्या घरातल्यांना हाक मारायला जात. त्या मानानं आठ-दहा अक्षरं सांगणं काय जड आहे? काकूंना पासवर्ड मिळाला. त्यांचं नेट सुरू झालं असावं, पण जोडलेल्या उपकरणांच्या यादीत त्यांचा फोन अजूनही अधूनमधून दिसतो. ही यादी हा प्रशासकाच्या एकांतातला विरंगुळा आहे. कोण जागं आहे, कोण घरी आलं, सगळं कळतं. एक उपकरण कुणाचं, हे मात्र कुणालाच सांगता येत नाही. तोडलं तर कुणीतरी ओरडेल आणि उलगडा होईल, म्हणून तोडून बघितलं. कुणीच ओरडलं नाही, तेव्हा जास्तच भीती वाटली आणि पुन्हा जोडून दिलं.

घराबाहेर प्रशासकाचं राज्य संपतं, लहरींचं नाही. वायफायचा २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा भारतात २००५ साली परवान्यातून मोकळा झाला. ज्या देशात साधा रेडिओ ऐकायला पोस्टात जाऊन परवान्याचे पैसे भरावे लागत आणि ती पद्धत ऐंशीच्या दशकापर्यंत टिकली, तिथं हे औदार्यच. पण मोकळ्या जागेत गर्दी व्हायचीच. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. एका मजल्यावर चार घरं, वर-खाली मजले. शिवाय मायक्रोवेव्हही याच पट्ट्यात काम करतो. राउटरची ताकद साधारण एक दशांश वॉट आणि मायक्रोवेव्हची काहीशे, त्यामुळं त्याच्या दाराच्या फटीतून निसटलेलं जरासं काहीही पुरतं. शिळी पोळी गरम होईपर्यंत स्वयंपाकघराजवळची मीटिंग अडखळते. ५ गिगाहर्ट्‌झवर गर्दी कमी, वेग जास्त. पण भिंत लागली की तो आधी दमतो.

एवढ्या गर्दीत चालतं कसं, तर शिस्तीनं. १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांनी बेटाबेटांवरचे संगणक रेडिओनं जोडले, ते अलोहानेट. नियम असा की बोलून टाकायचं. दुसऱ्याशी टक्कर होऊन निरोप पोचला नाही, तर मनाला येईल तेवढा वेळ थांबून पुन्हा बोलायचं. वायफाय याहून सुसंस्कृत. ते आधी ऐकतं, कुणी बोलत असेल तर थांबतं, शांतता झाली तरी लगेच तोंड उघडत नाही, एखादी चिठ्ठी काढावी तसा थोडा आणखी वेळ जाऊ देतं. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला जमणाऱ्या यच्चयावत सभासदांचे राउटर दिवसभर असं वागतात. सभासदांना ते माहीत नसावं.

वीज गेली की एक नवीनच कालगणना सुरू होते. बऱ्याच राउटरांत घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी नसते. पुन्हा सुरू झाल्यावर इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंत ते १ जानेवारी १९७० समजून बसतात. नोंदवही उघडली तर पावसाळ्यात आमच्याकडं १९७० साल वारंवार उजाडलेलं दिसतं. यावर १२ व्होल्टचा छोटा यूपीएस हा उत्तम उपाय. चौकापासून घरापर्यंतच्या काचतंतूला वाटेत विजेची गरज नसते, त्यामुळं दोन्ही टोकं जागी असली की अंधारातही नेट चालतं. पंखा बंद, दिवा बंद आणि घरातली सगळी माणसं घाम पुसत व्हिडिओ बघताहेत, असं दृश्य मग दिसतं.

सगळ्यात अवघड कारभार मुलाचा. रात्री दहा ते सकाळी सहा त्याच्या फोनला कुलूप, अशी सोय राउटरात असते. ती फोनच्या मॅक पत्त्यावर, म्हणजे त्याच्या ओळखक्रमांकावर, चालते, आणि हल्लीचे फोन प्रत्येक वायफायला बनावट मॅक पत्ता देतात. एक बटण सरकवलं की खरा पत्ता पुढं येतो आणि राउटरला वाटतं, हा कुणी नवीनच गृहस्थ. चिरंजीवांना हे शाळेत कळलं होतं. मी तोही पत्ता कुलपात घातला. त्याच्या खोलीच्या दारातून प्रकाश येतच राहिला. मग कळलं, तो वायफायवर नव्हताच. आजीच्या फोनला रोजचा दोन जीबी डेटा मिळतो, तिचा खर्च भजन आणि पाककृतीपुरता. उरलेल्याचं तिनं नातवाला हॉटस्पॉट करून दिलं होतं. "वाया जातो रे रात्री बाराला," आई म्हणाली. वाया जाणं तिला कशातलंच सहन होत नाही.

गेल्या पावसाळ्यात आमची लाइन कुठंतरी तुटली आणि राउटरवर लाल दिवा आला. तक्रार नोंदवली गेली, माणूस "बॉक्सवर बघून येतो" म्हणून गेला तो गेलाच. प्रशासकासकट सगळं घर आईच्या हॉटस्पॉटवर आलं. तिच्याकडं गेस्ट नेटवर्क नाही, कुणाला वेळेचं बंधन नाही. पासवर्डही अवघड नाही. तो फोनवर विचारला तर मात्र ती सांगत नाही. पानं वाढली की बसल्याजागी सांगते.