खोक्यावर न छापलेल्या ओळीबद्दल, एका डिस्कला खुले पत्र

शिंगल्ड मॅग्नेटिक रेकॉर्डिंग ऊर्फ एसएमआर डिस्क हिस,

मायन्यात ‘सप्रेम’ नाही, कारण तुझ्याबद्दल मला प्रेम नाही. पत्र खुलं आहे, कारण तुझा सगळा कारभार झाकलेला असतो. घरच्या सर्व्हरमध्ये शिरून तू जे करतेस, ते ज्याच्या घरी घडतं त्याला बहुतेकदा कळतही नाही. त्याला एवढंच दिसतं की फोटो उघडायला वेळ लागतोय, कॉपी मध्येच अडकतेय, सर्व्हर आचके देतोय. मग तो केबलला दोष देतो, पॉवर सप्लायला देतो, मे महिन्याच्या उकाड्याला देतो, विजेच्या लपंडावाला देतो. तू सोडून सगळ्यांना.

माझ्या सर्व्हरवर काय आहे ते आधी ऐक. आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या आहेत, कॅसेटवरून उतरवलेल्या. ती कॅसेट आता वाजत नाही. गावच्या सप्ताहातली कीर्तनं आहेत. बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ, वडिलांनी स्कॅन करून ठेवलेले सातबारे आणि फेरफार, दोन पिढ्यांचे फोटो. चार डिस्क, त्यांवर झेडएफएस ही साठवणप्रणाली, आणि रचना अशी की चारांतली कोणतीही एक गेली तरी उरलेल्या तिघींवरून तिचा मजकूर पुन्हा उभा करता येतो. हा सगळा खटाटोप ज्या दिवशी एक डिस्क जाते आणि तिच्या जागी दुसरी बसवावी लागते, त्या दिवसासाठी असतो. तुला त्याच दिवसासाठी आणलं होतं आणि नेमकं तेव्हाच तू अंग काढून घेतलंस.

जुन्या डिस्कच्या स्मार्ट अहवालात, म्हणजे तब्येतीच्या तिने स्वतः ठेवलेल्या नोंदीत, 197 क्रमांकाचा आकडा चढू लागला होता. वाचताना अडलेले आणि अजून निकाल न लागलेले सेक्टर तिथे मोजले जातात. तो चढू लागला की शहाण्या माणसाने थांबू नये. म्हणून तिला काढलं, तुला बसवलं आणि पुनर्बांधणी सुरू केली. झेडएफएसच्या भाषेत रिसिल्व्हर. सुरुवातीला तू छान धावलीस. मग तुझा वेग पडला, सेकंदाला काही मोजक्या मेगाबाइटांवर आला, आणि तुझ्याबरोबर सगळा पूल, म्हणजे चारही डिस्कचा एकत्र साठा, थांबला, कारण अशा रचनेत सगळ्यांनी मिळून लिहायचं असतं आणि सगळ्यांना सर्वांत हळू गड्याची वाट पाहावी लागते. थोड्या वेळाने लॉगमध्ये ‘हार्ड रीसेटिंग लिंक’ अशा ओळी येऊ लागल्या. लिनक्स डिस्कला एखाद्या आज्ञेचं उत्तर द्यायला साधारणपणे 30 सेकंद देतो. तेवढ्यात उत्तर आलं नाही, तर ती जोडणी तोडून पुन्हा जोडतो. असं वारंवार झालं की पूल त्या डिस्कला सदोष ठरवून बाहेर काढतो. ज्या डिस्कने घर सावरायचं, तिलाच बाहेर काढावं लागलं.

तुझ्याऐवजी कोणाकोणावर संशय घेतला गेला, याची यादी तुला ऐकवायलाच हवी. पहिला संशय केबलवर. सॅटाची केबल ढिली असेल तर 199 क्रमांकाची नोंद वाढते, म्हणजे वाटेत बिघडलेल्या माहितीची मोजणी. ती जागची हलली नव्हती. मग पॉवर सप्लाय: साडेतीन इंची डिस्क फिरायला सुरुवात करताना 12 व्होल्टच्या तारेवर दोनएक अँपिअर ओढते, चार डिस्क एकदम उठल्या की कमकुवत सप्लाय मान टाकतो. सप्लाय बदलला. मेमरी रात्रभर तपासली. डिस्कचं तापमान पाहिलं. प्रत्येक वेळी निर्दोष माणसाला चौकीवर बसवून घ्यावं तसं झालं, आणि तू शांत होतीस. तुझा स्वतःचा अहवाल ‘पास्ड’ म्हणत होता. लांबलचक स्वयंतपासणीही तू एकही चूक न दाखवता पूर्ण केलीस. संतापजनक भाग हा की त्यात खोटं काही नव्हतं. तुझा एकही सेक्टर खराब नव्हता.

दोन गोष्टींनी तू सापडलीस. तुला दुसऱ्या पोर्टवर, दुसऱ्या केबलवर हलवलं, तर तक्रार जुन्या पोर्टवर राहिली नाही. तुझ्या मागोमाग गेली. आणि ‘आयओस्टॅट’मध्ये चारही डिस्क शेजारी-शेजारी मांडून पाहिल्या, तेव्हा बाकीच्या तिघी लिहिण्याची आज्ञा काही मिलिसेकंदांत उरकत होत्या आणि तुझ्या रकान्यात हजारांचे आकडे होते. त्यात भर म्हणजे तास-दोन तास तुला मोकळं सोडलं की तू पुन्हा पहिल्यासारखी धावायचीस. दुकानात नेऊन तपासलं असतं तर तिथेही धावली असतीस. आजारी डिस्क अशी वागत नाही. तेव्हा तुझ्यात बिघाड नाही, तुझी घडणच तशी आहे, एवढं नक्की झालं.

ती घडण आता सगळ्यांसमोर सांगतो. डिस्कच्या तबकडीवर माहिती गोल-गोल पट्ट्यांत लिहिली जाते. लिहिणारं टोक रुंद असतं, वाचणाऱ्याला त्याहून अरुंद पट्टी पुरते. तेव्हा एका पट्टीवर दुसरीचा काठ चढवून लिहिलं तर तेवढ्याच तबकडीत जास्त माहिती मावते. कोकणातल्या घरावर कौलं रचतात तशी ही रचना आहे: छप्पर घालताना खालून वर सरळ रचत गेलं की काम झरझर होतं, पण मधलं एक कौल बदलायचं तर त्याच्यावरची ओळ उचलावी लागते. तुझ्यातही मधली एक पट्टी बदलायची तर तिच्यावर चढलेल्या पुढच्या पट्ट्या पुसल्या जातात. म्हणून पट्ट्यांचे गट पाडलेले असतात, बहुधा 256 मेगाबाइटांचे, आणि चार किलोबाइटांच्या बदलासाठीही अखेर अख्खा गट वाचून, जुळवून, नव्याने लिहावा लागतो.

हे लगेच उघडकीला येऊ नये म्हणून तुझ्यात एक राखीव भाग असतो, जुन्या सरळ पद्धतीने लिहिला जाणारा. आलेला मजकूर आधी तिथे टाकायचा आणि मालक झोपला की सावकाश जागेवर लावायचा. दिवसाला चार फोटो टाकणाऱ्याला यातलं काहीच जाणवत नाही. पण रिसिल्व्हर तासन् तास चालतं, विश्रांती देत नाही आणि सरळ एका ओळीत लिहीतही नाही. राखीव भाग भरला की तुझी दुहेरी कसरत सुरू होते: नवं घ्यायचं आणि त्याच वेळी जुनं लावायचं. तेव्हाच उत्तराला 30 सेकंदही पुरत नाहीत.

हे तंत्र वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, आणि हे मी तुझ्यावर उपकार म्हणून लिहीत नाही. ड्रॉपबॉक्सने 2018 मध्ये आपल्या साठवण केंद्रांत एसएमआर डिस्क वापरात आणल्या आणि तसं जाहीरपणे लिहिलं. तिथे ही रचना झाकलेली नसते. डिस्क आपले गट उघड दाखवते, सॉफ्टवेअरला ठाऊक असतं की इथे ओळीनेच लिहायचं, आणि त्याप्रमाणे ते लिहितं. लिनक्सच्या गाभ्यातही अशा डिस्कसाठी 2017 पासून सोय आहे. तुझ्याच रक्ताची ती डिस्क तिथे सांगून-सवरून काम करते. तू मात्र बाहेरून साधी डिस्क असल्याचं भासवतेस आणि आतलं आत उरकतेस. तुझा दोष हा आहे. मंदपणा मी सोसला असता.

दोष तुझ्या एकटीचा नाही, हेही मान्य. तुझ्या खोक्यावर क्षमता होती, फेऱ्यांचा वेग होता, कॅश किती तेही होतं. नोंदीची पद्धत कोणती, ही एकच ओळ नव्हती. आणि ती चुकून राहिलेली नव्हती. एप्रिल 2020 मध्ये ‘ब्लॉक्स अँड फाइल्स’ या प्रकाशनाने हे प्रकरण बाहेर काढलं. त्यामागे लंडनमधल्या एका विद्यापीठातल्या नेटवर्क व्यवस्थापकाचा पाठपुरावा होता. वेस्टर्न डिजिटलच्या, घरगुती सर्व्हरसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या रेड मालिकेतल्या 2 ते 6 टेराबाइटच्या काही डिस्क एसएमआर निघाल्या, आणि माहितीपत्रकात तसं लिहिलेलं नव्हतं. सीगेट आणि तोशिबा यांनाही आपल्या काही डेस्कटॉप डिस्कबद्दल तेच कबूल करावं लागलं. पडद्याआड बसलेल्यांची संख्या तीन होती, आणि हार्ड डिस्क बनवणारे मोठे उत्पादकही जगात तेवढेच आहेत. ग्राहकाने जायचं कुठे?

त्या वेळी बचावात असं सांगितलं गेलं की घरगुती सर्व्हरवर काम अधूनमधूनच असतं, मधल्या रिकाम्या वेळात डिस्क आपली मांडामांड करून घेते. रोजच्या वापरापुरतं हे खरं आहे. पण घरात चार डिस्कची रचना कोणी रोजच्या वापरासाठी करत नाही. ती संकटासाठी करतात. संकटाच्या वेळचं वागणं मोजायचं, तर ‘सर्व्ह द होम’ या संकेतस्थळाने त्याच वर्षी ते मोजून दाखवलं: झेडएफएसच्या एका पूलमध्ये साध्या पद्धतीच्या डिस्कनी पुनर्बांधणी 17 तासांच्या आसपास किंवा त्याआधीच उरकली, आणि एसएमआर डिस्कला सुमारे 230 तास लागले. साडेनऊ दिवस. तेवढे दिवस पूलला एकाही डिस्कचा आधार शिल्लक नसतो, आणि उरलेल्या डिस्क बहुधा एकाच वेळी घेतलेल्या, एकाच वयाच्या असतात. त्यांतली आणखी एक गेली तर आजीच्या ओव्या गेल्या. ‘अधूनमधूनचा वापर’ म्हणणाऱ्यांनी हे वाक्य त्या घरातल्या माणसांसमोर म्हणून दाखवावं.

पुढे अमेरिकेत सामूहिक दावा झाला, 2021 मध्ये 27 लाख डॉलरवर तडजोड झाली आणि डिस्कमागे ग्राहकाच्या हाती जास्तीत जास्त 7 डॉलर पडले. रेड मालिकेतल्या साध्या पद्धतीच्या, म्हणजे सीएमआर, डिस्कना ‘रेड प्लस’ असं वेगळं नाव मिळालं. कंपन्यांनी याद्या प्रसिद्ध केल्या. इतकं झालं हे चांगलंच झालं, पण इथल्या ग्राहकाच्या हाती यातलं काय आलं? याद्या कंपनीच्या संकेतस्थळावर आहेत आणि तू दुकानाच्या फळीवर आहेस. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर गल्ल्याशी उभा असलेला माणूस टेराबाइट आणि किंमत विचारतो, त्याला मिळतंही तेवढंच. सीएमआर की एसएमआर हे विचारायचं असतं, हेच त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

म्हणून इथे सांगतो, तुला आवडो न आवडो. डिस्क घेण्याआधी मॉडेलचा पूर्ण क्रमांक, शेवटच्या अक्षरांसकट, कंपनीच्या यादीत पाहावा. एका अक्षराच्या फरकाने पद्धत बदलते. पुनर्बांधणीसाठी घेतलेली डिस्क पूलमध्ये घालण्याआधी तिच्यावर विखुरलेल्या जागी, न थांबता, काही तास लिहून पाहावं. तुझी राखीव जागा पहिल्या काही गिगाबाइटांत भरत नाही, आणि दोन मिनिटांच्या वेगचाचणीवर तू नेहमीच उत्तीर्ण होतेस. फिरणारी डिस्क असूनही ट्रिमची, म्हणजे कोणती जागा मोकळी झाली हे कळवणारी, आज्ञा पाळायला तयार असेल, तर ती बहुधा तुझ्यातली आहे. आणि सर्व्हर अडू लागला की केबल, वीज, मेमरी जरूर तपासावी, पण ‘पास्ड’ हा शब्द वाचून डिस्कला संशयितांच्या यादीतून वगळू नये.

कंपन्यांकडे मागणं एकच आहे. खोक्यावर आणि डिस्कच्या लेबलावर, क्षमतेच्या अक्षरांएवढ्याच ठळक अक्षरांत पद्धतीचं नाव छापा. यादी नको, सूचनेतली तळटीप नको. बिस्किटाच्या पुड्यावर आत काय घातलंय ते छापावं लागतं. माणसाच्या घराची आठवण जिच्यावर सोपवायची, तिच्यावर एवढंही का नसावं?

तुझी जागा मी बदलली आहे. पूलमध्ये आता साधी सीएमआर डिस्क आहे आणि रिसिल्व्हर तिने एका दिवसाच्या आत संपवलं. तुला फेकलेलं नाही. एका कोऱ्या, एकट्या डिस्कवर मोठ्या फायली सरळ ओळीने लिहायच्या आणि मग कपाटात ठेवायच्या, हे काम तुला जमतं. आर्काइव्हची दुसरी प्रत तुझ्यावर असेल. पुढे कधी तू दुसऱ्या कोणाच्या घरी गेलीस तर त्याने माझ्यासारखं केबलशी भांडू नये, म्हणून तुझ्या लेबलावर कंपनीने सोडलेल्या जागेत मी न पुसणाऱ्या मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे: एसएमआर, पूलमध्ये बसवू नये.

— घरचा सर्व्हर सांभाळणारा एक ग्राहक