झाडपाल्याचंच तर आहे

“झाडपाल्याचंच तर आहे, अपाय कसला?” हे वाक्य आमच्या भाचीसमोर उच्चारू नये. ती लगेच विचारते, “किती मायक्रोमोलर?”

भाची पुण्यात पीएचडी करते. म्हणजे वनस्पतींतून काढलेली संयुगं झेब्राफिशच्या अंड्यांभोवतीच्या पाण्यात घालते आणि आतल्या गर्भाचं काय होतं ते सूक्ष्मदर्शकातून बघते. अंडं पारदर्शक, 24 तासांत हृदय धडधडताना दिसतं. हे मासे दिवे लागताच अंडी घालतात. त्यामुळे दहावीच्या परीक्षेलाही हाका मारून उठवावी लागलेली ही मुलगी आता भल्या सकाळी प्रयोगशाळेत हजर असते. प्रयोग 96 तासांचा. सणवार त्यात बसले तर बसले.

गर्भ मेला हे ठरवण्याच्या खुणा चार : अंडं गोठून पांढरं पडलं, पाठीचे खंड पडले नाहीत, शेपूट बलकापासून सुटली नाही, हृदय चालत नाही. याच खुणांनी ती नातेवाईकही तपासते. रविवारी जेवून काका सोफ्यावर आडवे झाले की चष्मा सावरत म्हणते, “हृदय चालू. शेपूट सुटलेली नाही.”

वहिनीच्या डोहाळजेवणात कुणीतरी कसल्याशा मुळीचा काढा सुचवला. झालं! हिनं थेट अमेरिकेतल्या आयडाहोच्या मेंढ्या काढल्या. 1950च्या दशकात तिथे एकडोळी कोकरं जन्मली. कारण गाभण मेंढ्यांनी चौदाव्या दिवसाच्या सुमारास रानातली कॉर्न लिली खाल्ली होती. तिच्यातल्या सायक्लोपामिननं डोळे दोन होऊच दिले नाहीत. “माशांतही अस्संच होतं,” म्हणत तिनं मोबाइलवर फोटो दाखवला. फुलांची वाडी ल्यालेली वहिनी ओटीतल्या तीन डोळ्यांच्या नारळाकडे बघत राहिली.

तिचं म्हणणं मला पटतं, पण ते पानावर बसल्यावरच का आठवतं ते कळत नाही. हळदीच्या दुधाचंच घ्या. पाण्यात थोडं कर्क्युमिन वाढलं तरी माशांचे गर्भ दगावतात, असं सांगून ती सगळ्यांचे पेले खाली ठेवायला लावते. मग धीर देते, “तुम्ही प्या. माणसाच्या रक्तात ते जवळजवळ उतरतच नाही.” हळदीचे भक्त आणि हळदीला घाबरणारे, दोघेही नाराज.

परवा घरभर सर्दी झाली. मावशीनं आलं, तुळस, गवती चहा उकळून सगळ्यांना पाजलं. चार दिवसांत सगळे बरे. मावशी विजयी मुद्रेनं उभी. भाची म्हणाली, “कंट्रोल कुठाय?” तेव्हा काकांनी सोफ्यावरून हात वर केला. त्यांनी आपला काढा रोज तुळशीत ओतला होता, आणि तेही बरेच झाले होते.

“वास तर घेतलाच ना त्यांनी!” मावशी म्हणाली.

भाचीनं कपाळावर हात मारला. “म्हणजे कंट्रोल बाद. काका, पुढच्या सर्दीला तुम्ही गच्चीवर झोपायचं.”

तुळस मात्र त्या आठवड्यात झकास फुटली. तिची नोंद कुणीच ठेवली नव्हती.