छंद : गिर्यारोहण

यूपीएससीची लेखी मुख्य परीक्षा १७५० गुणांची, मुलाखत २७५ ची. पण सदाशिव पेठेतल्या मुलाची झोप उडते ती अर्जातल्या छंदाच्या रकान्याने. ‘वाचन’ लिहावं तर शेवटचं पुस्तक विचारतात, आणि ते निघतं लक्ष्मीकांतचं ‘पॉलिटी’. मग ठरतं गिर्यारोहण. अभ्यासिका ते मेस याच्या पलीकडे पाऊल न टाकलेला हा गडी रातोरात राजगडाच्या माच्या पाठ करतो. पद्मावती, सुवेळा, संजीवनी. कळसूबाई १६४६ मीटर. उतरताना गुडघे कसे बोलतात, ते तेवढं नोट्समध्ये नसतं.

पुढे अभिरूप मुलाखती. एका क्लासचे निवृत्त साहेब म्हणतात, जरा हसा. दुसऱ्या क्लासचे म्हणतात, फार हसता बुवा. उत्तर येत नसेल तर नम्रपणे ‘माफ करा सर, माहीत नाही’ म्हणावं, हेही आरशासमोर घोटून घेतात. ते इतकं छान बसतं की स्वतःच्या तालुक्यातली नदी विचारली तरी तेच बाहेर पडतं. उत्स्फूर्ततेची वेगळी बॅच असते, फी आगाऊ.

अवघड प्रश्न शेवटी: अधिकारी का व्हायचंय? ‘समाजसेवा’ म्हणू नका, सगळेच म्हणतात, अशी ताकीद असते. लाल दिवा २०१७ मध्येच गाड्यांवरून उतरला, त्यामुळे खरं उत्तरही बाद. मग पोरं ‘धोरण अंमलबजावणीतील आव्हानं’ म्हणतात. तीही सगळीच.