देवराजा घडवण्याची कृती

कल्पनारम्य भूमिका-खेळात देवराजाचा पंथ उभारायचा तर साचा तयारच असतो: सोन्याचा पुतळा, मुखवटेधारी पुजारी, अमावास्येचा बळी आणि तळघरात खजिना. १९८० साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या अशाच खेळाच्या एका पुस्तकाने तर कोणता देव किती मार सोसेल याचेही आकडे छापले, झ्यूसच्या वाट्याला ४०० आले. हिशेब पक्का, भक्ती ऐच्छिक.

गोंदिया जिल्ह्यातल्या दरेकसा स्टेशनापासून जवळच असलेल्या कचारगड या गोंडांच्या श्रद्धास्थानाला हा साचा बसत नाही. गोंडांच्या कथेत काली कंकाली मातेची मुलं इथल्या गुहेत कोंडली जातात, दारावर प्रचंड शिळा. हीरासुका पाटालीरच्या वाद्याने मुलांना बळ चढतं, शिळा ढळते आणि वादक तिच्याखालीच चिरडला जातो. पुढे गुरू पारी कुपार लिंगो त्या मुलांना शिकवतात, कुळांची घडी बसवतात. सिंहासनाचा प्रश्नच कुठे येत नाही. माघ पौर्णिमेच्या यात्रेला अनेक राज्यांतून गोंड समाज लोटतो, डोंगर चढून गुहेपर्यंत जातो.

खेळाच्या वहीत मात्र ‘राजवाडा’ आणि ‘खजिना’ हे रकाने भरल्याशिवाय पान उलटत नाही. ‘धर्मगुरूचं हत्यार’ या रकान्यात ‘वाद्य’ लिहिलं, तर खेळाडू आधी त्याची विक्रीची किंमत विचारतात.