माने सापडले, सबनीस हरवले

‘अशी ही बनवाबनवी’ हा चित्रपट आला 1988 साली. तेव्हा जन्मालाही न आलेली पोरं आज त्यातला सत्तर रुपयांच्या हिशेबाचा संवाद इस्रायलच्या औषधासकट तोंडपाठ सांगतात. टी-शर्टावर त्यातले धनंजय माने, कपावर माने, व्हॉट्सॅपवर तर माने मुक्कामालाच. परवा कट्ट्यावर विचारलं, हे संवाद लिहिले कोणी? एक म्हणाला अशोक सराफ. दुसरा म्हणाला सचिन. तिसऱ्याने लक्ष्याचं नाव घेतलं. चौथा, चुकलो तर चहाचे पैसे द्यावे लागतील म्हणून गप्पच.

वसंत सबनीस, बाबांनो! ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य यांनीच लिहिलं आणि दादा कोंडक्यांची गाडी सुसाट सुटली. 1971चा ‘सोंगाड्या’ही यांचाच. शिवाय गृहस्थ नोकरीला कुठे, तर सरकारच्या प्रसिद्धी खात्यात. ‘विच्छा’त राजा-कोतवालाची फजिती लिहिणाऱ्याचा पगार सरकारी तिजोरीतून! याहून फर्मास वग खुद्द सबनीसांनाही सुचला नसता.

बनवाबनवीची मूळ गोष्ट हृषीकेश मुखर्जींच्या 1966च्या ‘बीवी और मकान’ची. तो कितीजणांना आठवतो? भाड्याच्या घरासाठी साडी नेसणारे पुरुष तिथेही होतेच. पण इथे पुण्याचा घरमालक सरपोतदार बोलू लागला आणि सगळा नूरच पालटला. ती बोली कागदावर कोणीतरी उतरवली होती, हे मात्र आपण विसरलो. आपल्याकडची रीतच आहे: वाक्य गाजलं की नटाला सेटवर सुचलेलं, पडलं की लेखकाने लिहिलेलं.

नावाचं असं, पैशाचंही तेच. चित्रपट टीव्हीवर दाखवला की लेखकालाही रॉयल्टीचा वाटा मिळावा, म्हणून कायद्यात दुरुस्ती झाली 2012 साली. सबनीस गेले 2002 साली. संसदेचं टायमिंग पाहा!

आजच्या मालिकेच्या लेखकाचं तरी काय? रात्री सीन पाठवायचा, सकाळी वाहिनीचा फोन, ‘जरा फनी करा ना.’ पैसे एपिसोड दाखवून झाल्यावर, बहुधा नव्वद दिवसांनी. तोवर कोणाकडे तरी सत्तर रुपये मागायचे.

बनवाबनवी एखाद्या रविवारी दुपारी पुन्हा लागेलच. सुरुवातीच्या नावांत सबनीस येऊन जाईपर्यंत चहा टाकायला उठू नका.