एकमुक्कामी मुंबईदर्शन आणि पिशवीचा प्रश्न

सोलापूर, बार्शी, पंढरपूर या पट्ट्यातले कुटुंब रात्रीच्या गाडीने मुंबईला उतरते, एक रात्र तिथे काढते आणि दुसऱ्या रात्रीच्या गाडीने परत येते. या प्रवासाला प्रस्तुत निबंधात ‘एकमुक्कामी दर्शन’ म्हटले आहे. दोन मुक्काम झाले की ते पाहुणपण. मुक्कामच नसेल तर ते काम, बहुधा कोर्टाचे किंवा दवाखान्याचे. या विषयाचा आजवर जो काही विचार झाला, तो सगळा ‘काय काय पाहिले?’ या अंगाने. ‘पिशवी कुठे ठेवली होती?’ हा मूळ प्रश्न अभ्यासकांनी हाताळलेलाच नाही.

मुक्कामाबाबत दोन पंथ आहेत : आत्यापंथ आणि लॉजपंथ. आत्या डोंबिवलीला असते. (ती कल्याणला असली तरी सिद्धान्तात फरक पडत नाही. विरारला असली तर पडतो.) आत्यापंथीयांच्या मते जेवण, अंथरूण आणि वाटाड्या म्हणून आतेभाऊ अशी तिन्ही सुखे एका दारात मिळतात. लॉजपंथीयांचा आक्षेप असा, की डोंबिवली सीएसएमटीपासून सुमारे ४८ किलोमीटर, जलद लोकलनेही तासाभराची वाट. शिवाय सकाळी पोह्यांशिवाय आत्या सोडत नाही आणि पोह्यांनंतर चहाशिवाय सोडत नाही. हा वाद जुना आहे आणि तो इथे मिटवण्याचा इरादा नाही, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही पंथ एकाच ठिकाणी येऊन अडखळतात. लॉजची खोली सोडलेली असते, आत्याचा निरोप घेऊन झालेला असतो, गाडी रात्री आहे आणि सामान हातात आहे.

इथे रेल्वेचा क्लोकरूम उपयोगी पडतो, पण अर्धाच. तिथे सामान ठेवायचे तर तिकीट लागते आणि बॅगेला कुलूप लागते. कुलूप नसेल तर बॅग परत हातात. चेन तुटलेली बॅग, दोरीने बांधलेले गाठोडे, तोंड उघडी पिशवी यांना तिथे प्रवेश नाही. आता शिदोरीची पिशवी पाहा. धपाटे, दशम्या, शेंगांची चटणी, आत्याने बळेच दिलेला चिवडा. या पिशवीला कुलूप लावण्याची सोय जगात कुठेही निर्माण झालेली नाही. म्हणजे मोठ्या बॅगा सुटतात, पिशवी राहते. आणि त्या दिवशी बघायच्या घारापुरीच्या लेण्यांना ती नेता येत नाही, कारण तिथल्या माकडांचा पिशव्यांचा अभ्यास आपल्यापेक्षा दांडगा आहे. यावरून पहिला निष्कर्ष निघतो : प्रत्येक एकमुक्कामी दर्शनात एक माणूस पिशवीपाशी बसलाच पाहिजे.

हा माणूस निवडावा लागत नाही. लाँचची तिकिटे काढायच्या वेळी सगळ्यांच्या नजरा घरातल्या वडीलधाऱ्या तात्यांच्या गुडघ्यांकडे जातात. घारापुरीला शंभराहून जास्त पायऱ्या आहेत, हे एव्हाना कुणीतरी दोनदा मोठ्याने सांगितलेले असते. तात्या म्हणतात, “जा रे तुम्ही, मी बसतो हितंच.” ठराव एकमताने संमत होतो. (शनिवारी रात्री सोलापूर सोडणाऱ्यांना हा प्रसंग अनुभवता येत नाही. सोमवारी लेणी बंद असतात, मग सगळेच पिशवीपाशी बसतात आणि एकमेकांना दोष देतात.)

आता जे गेले त्यांनी काय पाहिले, ते तपासू. मुंबई हे बंदराचे शहर, हे शाळेच्या भूगोलात शिकवतात. पण हे बंदर आहे पूर्वेला. बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधले खोल, आडोशाचे पाणी म्हणजे बंदर. म्हणून प्रिन्सेस डॉक (१८८०), व्हिक्टोरिया डॉक (१८८८), आजचा इंदिरा डॉक (१९१४), भाऊचा धक्का, माझगाव हे सारे त्या अंगाला. पश्चिमेची चौपाटी आणि मरीन ड्राइव्ह म्हणजे उघडा अरबी समुद्र. सूर्य बुडवायला तो उत्तम, जहाज उभे करायला निरुपयोगी. दर्शनार्थी भेळ खात बघतात तो हा समुद्र. खऱ्या गोद्या लांबच लांब भिंतीमागे आहेत आणि आत जायला पास लागतो. राहता राहिले गेटवे, जिथे बंदर कुणाच्याही परवानगीशिवाय समोर येते.

तिथेही अडचण आहे ती छायाचित्राची. ज्याचा फोटो काढायचा तो शहराकडे तोंड करून, कमानीकडे आणि पाण्याकडे पाठ करून उभा राहतो. फोटो काढणाऱ्याचे तोंड समुद्राकडे असते खरे, पण मधे कमान येते. आणि कमान नसती तरी त्याचे लक्ष फोनच्या काचेत. लाँचवर थोडे पैसे जादा देऊन वरच्या मजल्यावर बसलेली मंडळी तासभर थेट बंदरातूनच जातात. वाटेत जवाहर द्वीपाला तेलाची जहाजे लागलेली असतात, पलीकडे न्हावा-शेव्याच्या क्रेन दिसतात. पण हिवाळ्यात लाँचमागे येणारे पांढरे पक्षी कुरकुरे झेलतात की नाही, यापुढे तेलाचे जहाज टिकत नाही.

बघायला येऊन न बघण्याच्या या प्रकाराला राजमान्यता आहे. राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी २ डिसेंबर १९११ रोजी अपोलो बंदरावर उतरले, तेव्हा गेटवे नव्हते. होती ती पुठ्ठ्याची प्रतिकृती. जॉर्ज विटेटच्या आराखड्याची खरी कमान ४ डिसेंबर १९२४ रोजी खुली झाली. म्हणजे गेटवेचा पहिला दर्शनार्थी पुठ्ठा बघून दिल्ली दरबाराला गेला. त्याच कमानीखालून २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजांची शेवटची तुकडी निघून गेली. स्वागतासाठी बांधलेल्या कमानीचे सगळ्यात चोख काम निरोपाचे झाले, हे जाता जाता.

उरले तात्या. ते गेटवेच्या बाजूच्या कठड्यावर, पाण्याकडे तोंड करून, चार तास बसलेले. आडवी-तिडवी बसलेली गर्दी पोलिसाने दोनदा उठवली, त्यात तात्या दोनदा उठले आणि दोनदा बसले. करण्यासारखे दुसरे काही नसल्यामुळे ते होड्या मोजत होते. पहिल्या तासात त्यांच्या ध्यानात आले, की नांगरलेल्या सगळ्या होड्यांची तोंडे एकाच दिशेला आहेत. दावणीला बांधलेली जनावरे एका अंगाला तोंड करून उभी राहतात तशी. पायऱ्यांवरचे पाणी चढत होते. मग ते चढायचे थांबले. थोड्या वेळाने एकेक होडी सावकाश फिरू लागली, आणि काही वेळात सगळ्यांची तोंडे उलट झाली. पायऱ्यांवर हिरवे शेवाळ दिसू लागले. भरती आत येत असताना नांगरावरची होडी समुद्राकडे तोंड करते, ओहोटी लागली की आत. वारा फार नसेल तर साधारण सव्वासहा तासांनी हा पालट होतो. खलाशांना हे ठाऊक असते आणि मच्छीमारांना ठाऊक असते. सोलापूर जिल्ह्यात, आमच्या माहितीप्रमाणे, ते फक्त तात्यांना ठाऊक आहे.

मंडळी परतली तेव्हा पिशवीतली चटणी थोडी कमी झाली होती, त्याची नोंद वहिनींनी घेतली. गावी आल्यावर पारावर चौकशी झाली. मुलांनी माकडे सांगितली, पक्षी सांगितले, त्रिमूर्ती सांगितली. मग कुणीतरी तात्यांकडे वळून विचारले, “तुम्ही काय बघितलं मुंबईत?”

“म्या कुठं काय बघितलं? पिशवीपाशीच बसलो की.”

ही साक्ष ग्राह्य धरू नये, अशी या निबंधाची शिफारस आहे.